साच्याबाहेरचा मावळा

दसऱ्याचं सोनं वाटून झालं की जुन्नरच्या पेठेत पणत्या, बोळकी आणि आकाशकंदिलांच्या शेजारी मावळे येऊन उभे राहतात. वीतभर उंचीचे, लाल नाहीतर हिरवं मुंडासं बांधलेले, एका हातात ढाल, दुसऱ्यात तलवार. त्यांच्या मागच्या रांगेत तुतारीवाला, भालदार-चोपदार, घोडेस्वार, तोफ आणि तोफेशी वाकलेला गोलंदाज. सगळ्यांत मागे उंचावर सिंहासनावरचे महाराज, लहान-मध्यम-मोठे अशा मापांत. याच गर्दीत डोईवर घडे घेतलेली गवळण, बैलजोडीसकट नांगरकरी, एकमेकांना भिडलेले पैलवान आणि खाकी गणवेशात रायफल रोखलेला जवानही असतो. सतराव्या शतकातल्या गडावर हा जवान काय करतो, असं कुणी विचारत नाही. पोरं त्याला पहाऱ्यावर ठेवतात आणि मोकळी होतात.

दिवाळीतल्या किल्ल्यावर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलंय. त्यातलं बहुतेक दगडमातीबद्दल, बुरुजांबद्दल आणि हरवलेल्या बालपणाबद्दल असतं. चित्रांकडे (या पुतळ्यांना पोरं चित्रंच म्हणतात) फारसं कुणी वळत नाही. ती विकत आणायची आणि मांडायची, संपलं. जुन्नर-आंबेगावात किल्ले बघत हिंडलं की मात्र या चित्रांचा एक वेगळाच संसार दिसतो. तुटलेली, जोडलेली, पुन्हा रंगवलेली, एकाची दुसरीच केलेली चित्रं. किल्ला दरवर्षी मोडतो. चित्रं जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर जातात आणि पुढच्या वर्षी वेष पालटून खाली उतरतात. पोरांची अस्सल कारागिरी बुरुजात कमी आणि या वेषांतरात जास्त आहे, असं माझं मत होत गेलं.

समोर खरा गड

पुण्यातल्या सोसायटीत मनाला येईल तसा गड रचला तरी खपून जातं. जुन्नरात ते चालत नाही. मान वर केली की शिवनेरी समोर असतो आणि ओट्यावर बसलेले आजोबा तपासनीस होतात. सात दरवाजे मोजतात. महादरवाजा झाला, हत्ती दरवाजा झाला, शिपाई दरवाजा कुठंय? शिवाईचं देऊळ अंबरखान्याच्या वर कसं गेलं? साखळीची वाट कुणी दाखवायची? १९ फेब्रुवारी १६३० रोजी जिथं शिवराय जन्मले त्या गडाची नक्कल त्याच गडाच्या पायथ्याशी करायची, म्हणजे मूळ चित्रासमोर बसून त्याची प्रत काढण्यासारखं आहे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यांत अकरा महाराष्ट्रातले आणि एक तामिळनाडूतला जिंजी. अकरांत शिवनेरी आहे. त्यामुळे तपासनिसांचा आवाज आणखी चढला आहे.

हुशार पोरं यातून वाट काढतात. शिवनेरीला हात न लावता ती तालुक्यातला दुसरा गड धरतात. कातळात कोरलेल्या नळीच्या वाटेचा हडसर, पायऱ्यांचा चावंड, वानरलिंगीच्या सुळक्याचा जीवधन, नाहीतर निमगिरी, नारायणगड. हडसरची नळी करायला ओल्या मातीत पाइपाचा तुकडा दाबून ठेवतात आणि माती सुकली की उपसून काढतात. जीवधनच्या अंधाऱ्या धान्यकोठीसाठी रिकामा डबा आडवा पुरतात आणि आत माळेतला एक दिवा सोडतात. अशा गडांची आजोबांनाही नेमकी माहिती नसते, म्हणून तपासणी सौम्य होते.

माती लाल हवी, ती पोत्यावर थापायची. अळीव नाहीतर मोहरी वसुबारसेच्या आधी पेरली की पाडव्यापर्यंत हिरवळ उगवून येते. इथपर्यंत सगळं जमतं. घोटाळा होतो तो चित्रं मांडताना. चार बोटं उंचीच्या हत्ती दरवाजाशी वीतभर मावळा उभा केला की त्याला वाकूनही आत जाता येत नाही, आणि महाराज तर अंबरखान्याहून मोठे. घोडेगावात एका मुलीला मी हे बोलून दाखवलं. तिनं माझ्याकडे दयेनं पाहिलं आणि म्हणाली, "काका, महाराज मोठेच असणार ना." लेण्यांतल्या आणि देवळांतल्या शिल्पकारांनीही राजाला सेवकांपेक्षा मोठा कोरला तो याच हिशेबानं. तिला ते कुणी शिकवलेलं नव्हतं.

सांधा आणि आखणी

बाजारातलं चित्र कसं जन्मतं ते पाहिलं की पुढच्या वेषांतराचं मर्म कळतं. पूर्वी ती मातीची असत. आता बहुतेक प्लास्टरची असतात, अलीकडे प्लास्टिकचीही दिसतात. प्लास्टरच्या चित्राचा साचा दोन अर्धुकांचा असतो. ती दोऱ्यानं करकचून बांधायची, पातळ कालवलेलं प्लास्टर आत ओतायचं, साचा हातात फिरवत राहायचा म्हणजे आतल्या बाजूला सगळीकडे थर बसतो, आणि उरलेलं परत ओतून काढायचं. थोड्या वेळात घट्ट झालं की साचा उघडायचा. आत पोकळ, बाहेर मावळा. दोन अर्धुकं जिथं भेटली तिथं कानशिलापासून पायापर्यंत बारीक कंगोरा राहतो, तो सांधा. चांगला कारागीर तो सुरीनं खरवडून घेतो. घाईचा माल असेल तर राहू देतो. चित्र विकत घेताना अंगठा बरगडीवरून फिरवायचा, सांधा लागला तर भाव पाडून मागायचा, हे पोरांना आपोआप ठाऊक असतं.

रंगकाम रांगेनं होतं. आधी सगळ्यांना पांढरा हात. मग सगळ्यांच्या अंगाचा रंग, मग सगळ्यांचे अंगरखे, मग मुंडाशी, मग तलवारींना चंदेरी. एका रंगात बुडवलेला ब्रश रांग संपेपर्यंत खाली ठेवायचा नाही. डोळे शेवटी, आणि ते बहुधा घरातल्या एखाद्या बाईच्या हातचे. काम करताना पाहिलेल्या एका काकूंचा हात क्षणभरही थबकत नव्हता. पांढऱ्याची आडवी रेघ, तिच्यावर काळा ठिपका, वर भुवईचा एक फटकारा, की पुढचा मावळा. "गणपतीच्या डोळ्यांना वेळ द्यावा लागतो," त्या म्हणाल्या. "यांचे उघडले की झालं." गणपतीची असो की मावळ्याची, डोळ्यांची आखणी शेवटी, हा रिवाज मात्र त्यांनी मोडला नव्हता.

रांगेनं झालेल्या कामाचा परिणाम असा की सगळे मावळे एकाच चेहऱ्याचे. तानाजीही तोच, येसाजीही तोच, दरवाजावरचा पहारेकरीही तोच. दुकानदाराच्या दृष्टीनं यात काही चूक नाही. पण पोरांच्या किल्ल्यावर गोष्ट घडायची असते, आणि गोष्टीतली माणसं सारखी दिसून चालत नाही.

परमुलखातले भुयारवीर

नेमकी हीच अडचण साता समुद्रापलीकडे काही प्रौढ माणसांना पडली आणि तिच्यातून एक मोठा छंद उभा राहिला. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ काढला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट चालवतो. बाकीचे योद्धा, जादूगार, चोर असं एकेक सोंग घेऊन भुयारात उतरतात. दार उघडायचं की नाही, राक्षसाशी लढायचं की पळायचं, हे ते ठरवतात आणि फासे निकाल देतात. कोण कुठं उभं आहे हे दिसावं म्हणून टेबलावर बोटाच्या पेराएवढ्या बाहुल्या मांडतात. सुरुवातीला पुरेसे राक्षस कुणी बनवतच नव्हतं. गायगॅक्सनं मग हाँगकाँगहून येणाऱ्या स्वस्त प्लास्टिकच्या जनावरांचं पाकीट उचललं. त्यातली काही जनावरं कशाचीच नव्हती. एकाला घुबडाचं तोंड आणि अस्वलाचं धड होतं. दुसऱ्याच्या शेपटीला पंखा होता. त्यांना नावं दिली, स्वभाव दिले. त्यांतलं एक लोखंडाला गंज चढवून ते खाऊन टाकणारं झालं. आज पन्नास वर्षांनंतरही ते प्राणी त्या खेळात आहेत. आपल्याकडे जत्रेतला डायनासोर गडाच्या दरीत राहायला येतो तो याच रस्त्यानं.

पुढे इंग्लंडमध्ये सिटाडेल आणि अमेरिकेत राल पार्था अशा कंपन्या शिसं मिसळलेल्या धातूत या बाहुल्या ओतू लागल्या. शिशाच्या विषाची धास्ती वाढली तसं शिसं गेलं आणि दुसरे मिश्रधातू व प्लास्टिक आलं. १९८९ मध्ये मिल्टन ब्रॅडली आणि गेम्स वर्कशॉप यांनी मिळून 'हिरोक्वेस्ट' आणला, तेव्हा भुयाराचा खेळ पेटीत बसून खेळण्यांच्या दुकानात पोचला. पेटीत छापील दालनं, उभी करायची दारं, टेबलं-कपाटं, आणि चार नायक: रानटी योद्धा, बुटका, एल्फ आणि जादूगार. बाहुल्या मात्र बिनरंगाच्या, ज्या त्या गटाच्या एकाच प्लास्टिकात ओतलेल्या. जे त्यांच्याशी लहानपणी खेळले ते आता पन्नाशीच्या आसपास आहेत आणि त्याच जुन्या बाहुल्या शोधून, जुना रंग काढून नव्यानं रंगवत बसतात.

त्यांची रीत आपल्या कुंभारवाड्याला अनोळखी वाटणार नाही. आधी सांधा खरवडायचा. मग अस्तराचा हात. मग मुख्य रंग. त्यानंतर शाईसारखा पातळ गडद रंग अंगभर सोडायचा, तो चुण्यांत आणि खाचांत उतरून सावली तयार करतो. वाळला की ब्रशला फिकट रंग लावायचा, फडक्याला पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचा. तेवढ्यानं चिलखताच्या कडा उजळतात. एका बाबतीत मात्र त्यांच्यातले बरेचजण आपल्या काकूंच्या उलट चालतात. डोळे ते आधी रंगवतात, कारण चुकले तर गालाचा रंग लावताना झाकता येतात. आपण डोळे शेवटी उघडतो, कारण त्यानंतर काही दुरुस्त करायचं नसतं.

खरी गंमत रंगानंतर नाही, रंगाआधी आहे. बारीक करवतीनं एकाचं मुंडकं उतरवून दुसऱ्याच्या धडावर बसवतात. आत तारेची खीळ घालतात, म्हणजे जोड निखळत नाही. तलवारीऐवजी मशाल देतात. झगा, दाढी, पिशवी हे सगळं दोन भाग मळून करायच्या एका लुकणात घडवतात. त्याचा एक भाग निळा, एक पिवळा, मळून हिरवा होतो. आपल्याकडे त्याचं काम एम-सील करतं. नळाची गळती थांबवणारं हे लुकण किराणा दुकानापासून हार्डवेअरपर्यंत कुठंही मिळतं, आणि मंचर-नारायणगावातल्या पोरांना त्याचा मूर्तिकामातला उपयोग कुणी सांगावा लागलेला नाही. मोडका पाय जोडायला घरात ते आलेलंच असतं. पाय जोडून झाला की चिमूटभर उरतं, आणि त्या उरलेल्यातून मावळ्याला मिशा फुटतात.

वाघाचा बिबट्या

नारायणगावजवळच्या एका मळ्यातलं घर. अंगणात गड, आणि गडाच्या पायथ्याशी गवताची ताटं खोचून केलेला ऊस. सहावीतला मुलगा आणि त्याची आत्या पायरीवर बसले होते. समोर बाजारातून आणलेला प्लास्टरचा वाघ, चांगला पट्टेरी. "वाघ नको, बिबट्या पायजे," एवढंच मुलाचं म्हणणं होतं आणि बाजारात बिबट्या मिळत नव्हता.

आत्यानं पिवळ्या रंगाचा एक हात दिला. पट्टे खालून डोकावत राहिले. वाळल्यावर त्याच पिवळ्यात थोडा पांढरा कालवून दुसरा हात दिला तेव्हा ते बुजले. आता ठिपके. बिबट्याच्या अंगावरचा ठिपका भरीव नसतो, तुटक कड्यासारखा असतो आणि मध्ये गडद पिवळं दिसतं. ब्रशनं तसा ठिपका काढणं जिकिरीचं काम. मुलानं दप्तरातून बॉलपेनची रिकामी कांडी काढली, तिचं मागचं उघडं टोक काळ्या रंगात टेकवलं आणि पाठीवर ठसे उठवत गेला. एकेक बारीक कडं उमटलं. डोक्यावर आणि पायांवर मात्र त्यानं काडीनं साधे ठिपके दिले. बिबट्याचे तसेच असतात, हे त्याला माहीत होतं, कारण त्यानं तो पाहिलेला होता.

बिबट्या गडावर कुठं ठेवणार, असं मी विचारलं. "गडावर कशाला? तो उसात असतो."

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हा जुन्नर वनविभागाचा टापू. कालव्याचं पाणी आलं, ऊस वाढला आणि उसात बिबट्या वसला. दाट, थंड, माणसांची वर्दळ नसलेला ऊस त्याला जंगलासारखाच. मादी पिल्लंही तिथंच घालते. तोडणी सुरू झाली की पिल्लं उघडी पडतात. माणसं मेली आहेत, जनावरं तर नेहमीची. पकडलेले आणि जखमी बिबटे माणिकडोहच्या निवारा केंद्रात जातात. पंपाला वीज रात्रीची असेल तर दारं धरायला बापाला रात्रीच रानात जावं लागतं, आणि तो परत येईपर्यंत घरात कुणी झोपत नाही. मुलाच्या किल्ल्यावर ही सगळी हकिगत होती. खाकी जवानाची रायफल त्यानं मोडून काठी केली होती, दुसऱ्या हातात एम-सीलची बॅटरी दिली होती. तो आता वनरक्षक होता. गवळणीच्या डोईवरचे घडे काढून वैरणीचा भारा ठेवला होता. नांगरकरी उसाच्या कडेला उभा, तोंड उसाकडे. गडावर महाराज होते, मावळे होते, सगळं रीतसर. खाली पायथ्याशी मात्र चालू साल होतं.

बाजारातल्या जवानाचं गडावर काय काम, या प्रश्नाचं उत्तर मला तिथं मिळालं. पोरांना काळाचा घोटाळा कळत नाही, हा आपला समज. त्यांना जे माणूस हवं असतं ते बाजारातल्या टोपलीत नसतं, म्हणून जवळचं उचलून ती कामाला लावतात.

हिरड्याची पाटी

हे पाहिल्यावर हात शिवशिवले. एक मावळा मीही घेतला, सांध्यासकट. आंबेगावच्या पश्चिमेला, डिंभ्याच्या पाण्यापलीकडे, तळेघर-आहुप्याच्या अंगाला महादेव कोळ्यांची वस्ती आहे. तिथल्या घरांना हिरडा मोठा आधार. कोवळा बाळहिरडा उंच झाडावर चढून उतरवतात, उन्हात वाळवतात, तो काळा पडतो आणि व्यापाऱ्याच्या काट्यावर जातो. शिवनेरीवर कोळी चौथरा आहे. मोगलांविरुद्ध उठलेल्या महादेव कोळ्यांना तिथं मारलं, असं सांगतात. म्हणजे गडाशी हिरडा उतरवणाऱ्या या माणसाचं नातं जुनं. तरी बाजारातल्या टोपलीत तो नसतो, म्हणून माझ्या मावळ्याचा मी तोच करायला घेतला.

तलवार तारेची होती, पकडीनं ओढल्यावर निघाली. ढाल चाकूनं खरवडताना प्लास्टरची पांढरी भुकटी मांडीभर झाली. ढालीखाली बोटं नव्हती, नुसता गोळा, कारण झाकल्या जाणाऱ्या जागी कारागीर बोटं कशाला करेल? ती एम-सीलनं घडवली. लुकण अर्धा-पाऊण तास मऊ राहतं. पाण्यात बोट ओलं करून काम करायचं, नाहीतर सगळं बोटालाच चिकटतं. पाटी करताना त्याचीच वळकटी गोल गुंडाळली आणि सुईनं विणीच्या रेघा ओढल्या. पाटीत मोहरीचे दाणे चिकटवून काळे रंगवले, तो वाळलेला हिरडा. चुणीदार तुमान खरवडून गुडघ्यावर आणली. मग पातळ केलेला तपकिरी रंग अंगभर सोडला. क्षणभर सगळा घाण झाल्यासारखा दिसला, पण कोरड्या ब्रशनं खांद्यावर, गुडघ्यावर फिकट रंग लागला तशी पोटऱ्यांना ताकद आली. चेहरा बदलायचा नाही असं ठरवलं होतं. तरी मिशी खाली वळवताच माणूस दुसराच झाला. मूळच्या मिशीत रुबाब होता. या मिशीत चढ चढून आल्याचा थकवा होता.

साच्यानं दिलेलं थोडंच असतं: उभं राहण्याची ढब, हाताचा कोन, मानेचा कल. तेवढ्यात राहून दुसरा माणूस काढायचा. कोऱ्या मातीतून घडवण्यापेक्षा हे निराळं कौशल्य आहे आणि त्यात नजर लागते ती अडचणीकडे बघण्याची. तलवार उगारलेला हात काय काय करू शकतो? फांदी धरू शकतो. तुतारी उचलू शकतो. बस थांबवू शकतो.

नाव कुणाला मिळतं

जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकाला नाणेघाट आहे. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहनांनी आपल्या घराण्याच्या प्रतिमा ओळीनं कोरल्या होत्या आणि प्रत्येकीच्या वर नाव लिहिलं होतं. सिमुक सातवाहन, राणी नागनिका, राजा सातकर्णी, महारठी त्रणकयिर, आणि राजपुत्र. दोन हजार वर्षांत प्रतिमा फुटून गेल्या. कुठे पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या. वरची नावं मात्र वाचता येतात, म्हणून तिथं कोण उभं होतं ते आपल्याला कळतं.

दिवाळीतल्या चित्रांचं याच्या उलट. शरीर तयार मिळतं, नाव नसतं. पोरं ते देतात, आणि नाव टिकावं म्हणून शरीरात काही ना काही बदलतात. मिशी, मुंडाशाचा रंग, हातातली वस्तू. एकदा बदल झाला की तो मावळा दुसऱ्याच्या किल्ल्यावर गेला तरी ओळखू येतो. भांडणं होतात ती अशाच चित्रांवरून. साध्या मावळ्यासाठी कुणी भांडत नाही, तो पेठेत दुसरा मिळतो.

किल्ले बांधणीच्या स्पर्धा आता गावोगाव होतात आणि ते चांगलंच आहे. पण परीक्षकांच्या कागदावर गुण असतात ते हुबेहूबपणाला, माहितीफलकांना, स्वच्छतेला. हुबेहूबपणाचा हट्ट वाढला की मोठी माणसं गुडघे टेकून बुरुज करू लागतात आणि पोरांच्या वाट्याला पाणी आणून देणं उरतं. उसातला बिबट्या तिथं गुण खातो, कारण तो शिवनेरीच्या नकाशावर नाही. बॅटरीवाला वनरक्षक कालविपर्यास ठरतो. म्हणून जुन्नर-आंबेगावातल्या मंडळांना आणि शाळांना एक सुचवावंसं वाटतं. कागदावर आणखी एक रकाना आखा: बाजारातून आणलेलं एक तरी चित्र बदललं आहे का, आणि ते आता कोण आहे? परीक्षकानं ते हातात घ्यावं, जोड कुठं दिलाय ते पाहावं आणि पोराला त्याची गोष्ट विचारावी. गोष्ट सांगता आली तर पुरे गुण द्यावेत. दरवाजे सात भरले नाहीत तरी चालेल, ते वर गडावर शाबूत आहेत.